टेलिप्रॉम्प्टर बंद पडला म्हणजे नेमकं काय बंद पडलं? भाषणामागची काच, माईक आणि माणसं

२३ सप्टेंबर २०२५. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बोलायला उभे राहिले आणि सुरुवातीलाच म्हणाले, टेलिप्रॉम्प्टर (वक्त्यापुढच्या काचेवर भाषणाची अक्षरं सरकवणारं यंत्र) चालत नाहीये, आणि तो जो कोणी चालवतोय तो मोठ्या अडचणीत आहे. सभागृहात हशा पिकला. त्याआधी ते चढत असताना सरकता जिनाही थांबला होता. भाषणानंतर सभागृहात आवाज नीट येत नव्हता अशीही त्यांची तक्रार आली, आणि तिन्ही मिळून 'घातपात' या शब्दावर दोन दिवस चर्चा रंगली. संयुक्त राष्ट्रांचं उत्तर त्यामानानं अगदी रटाळ होतं. जिना बहुधा अमेरिकी शिष्टमंडळातल्याच, पुढे चालणाऱ्या व्हिडिओग्राफरमुळे सुरक्षा-यंत्रणा सुरू होऊन थांबला असावा, आणि टेलिप्रॉम्प्टर व्हाइट हाऊसचीच माणसं चालवत होती.

आपल्याकडे हा शब्द घराघरात पोचला तो जानेवारी २०२२ मध्ये. दावोसच्या आर्थिक मंचाच्या ऑनलाइन बैठकीत पंतप्रधान मोदी बोलता बोलता थांबले, बाजूला पाहू लागले आणि 'टेलिप्रॉम्प्टर पीएम' असा हॅशटॅग धावू लागला. चित्रफीत बारकाईनं ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं की मागून कुणीतरी 'सगळे जोडले गेलेत का ते एकदा विचारा' अशा अर्थाचं सांगतंय. म्हणजे प्रश्न काचेचा नव्हे, जोडणीचा असण्याची शक्यता जास्त. पण तोवर विनोद गावभर झाले होते.

दोन्ही वेळा एक गोष्ट दिसली. हे यंत्र काय आहे, ते कोण चालवतं आणि ते थांबलं तर नेमकं काय थांबतं, याची बहुतेकांना कल्पना नसते. म्हणून हा लेख.

## विंगेतला माणूस पेटीत गेला

मराठी माणसाला प्रॉम्प्टर नवा नाही. नाटकाच्या विंगेत पुस्तक घेऊन उभा राहणारा, नट अडखळला की पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द दबक्या आवाजात पुरवणारा तो प्रॉम्प्टर. त्याचं काम चोख झालं तर तो होता हे प्रेक्षकांना कळतच नाही.

टेलिप्रॉम्प्टरचा जन्मही नटांच्याच गरजेतून झाला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत टीव्ही मालिका थेट प्रक्षेपित होत आणि रोज नवे संवाद पाठ करणं नटांना जमेना. फ्रेड बार्टन नावाच्या नटाला वाटलं, संवाद मोठ्या अक्षरांत समोरून सरकत गेले तर? ह्युबर्ट श्लॅफ्ली या अभियंत्यानं अर्ध्या सुटकेसमध्ये मोटर, पट्टे आणि कागदाची गुंडाळी बसवून ते करून दाखवलं. दोनच वर्षांत, १९५२ मध्ये, अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी शिकागोतल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात हे यंत्र वापरलं. नटांची सोय पुढाऱ्यांकडे जायला एवढाच वेळ लागला.

## एका बाजूनं आरसा, दुसऱ्या बाजूनं खिडकी

आता ती काच. पोडियमच्या डाव्या-उजव्या बाजूला बारीक दांड्यांवर दोन चौकोनी काचा तिरप्या उभ्या दिसतात. पुष्कळांना त्या बुलेटप्रूफ वाटतात. नाहीत. बुलेटप्रूफ काच वेगळी, जाडजूड आणि वक्त्याला आडोसा देणारी. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर कितीतरी वर्षं लाल किल्ल्यावरचं १५ ऑगस्टचं भाषण तशा काचेआडून होत असे, आणि २०१४ मध्ये मोदी तिच्याविना बोलले तेव्हा त्याची बातमी झाली. प्रॉम्प्टरची काच दगडही अडवणार नाही.

तिचं तत्त्व समजायला रात्रीची एसटी पुरे. आत दिवा लागलेला, बाहेर अंधार. खिडकीकडे पाहिलं तर आपलाच चेहरा दिसतो, पण बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याच काचेतून आपण स्वच्छ दिसतो. एकच काच, आतल्यासाठी आरसा आणि बाहेरच्यासाठी खिडकी.

प्रॉम्प्टरच्या काचेवर एक पातळ लेप असतो. तिच्यावर पडणारा थोडा प्रकाश परत फिरतो, बाकीचा आरपार जातो. काचेच्या खाली जमिनीवर एक पडदा आकाशाकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि काच साधारण ४५ अंशांत तिरपी असते. पडद्यावरची अक्षरं काचेवर आदळून वक्त्याच्या डोळ्यांकडे वळतात. समोरच्या श्रोत्यांच्या बाजूला अक्षरांचा प्रकाश वळतच नाही, म्हणून त्यांना नुसती काच दिसते आणि काचेतून वक्ता. आरशात अक्षरं उलटी होतात, म्हणून पडद्यावर ती आधीच उलटी दाखवतात. रुग्णवाहिकेच्या नाकावर नाव उलटं लिहितात ना, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटं दिसावं म्हणून? तोच हिशेब.

काचा दोन का, तर वक्त्यानं एकाच दिशेला टक लावून बसू नये म्हणून. दोन्हींवर तोच मजकूर सरकतो. डावीकडे वाक्य सुरू करायचं, उजवीकडे संपवायचं. कसलेला वक्ता हे इतकं सहज करतो की सगळ्या सभेकडे पाहतोय असं वाटतं. न कसलेला टेनिसचा सामना पाहतोय असं दिसतं. स्टुडिओत मात्र एकच काच, थेट कॅमेऱ्याच्या भिंगापुढे, कारण तिथे श्रोता एकच असतो : कॅमेरा.

ही युक्ती टीव्हीपेक्षा फार जुनी आहे. १८६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर तिरपी काच लावून भूत दाखवलं होतं, म्हणून तिला 'पेपरचं भूत' म्हणतात. २०१२ च्या गुजरात निवडणुकीत आणि पुन्हा २०१४ मध्ये मोदींच्या 'थ्रीडी सभा' झाल्या, त्यांच्या मागेही हेच भूत होतं, फक्त काचेऐवजी पातळ पारदर्शक पडदा. म्हणजे तिरप्या पृष्ठभागावर एकदा नेत्याचं भाषण उमटतं आणि एकदा खुद्द नेताच.

## तबलजी मागे चालतो, पुढे नाही

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की मजकूर ठरावीक वेगानं सरकत राहतो आणि वक्त्याला त्याच्यामागे धावावं लागतं. खरं याच्या नेमकं उलट आहे.

मंचामागे किंवा सभागृहाच्या एखाद्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून एक माणूस बसलेला असतो. त्याच्यापुढे संगणक, हाताखाली एक फिरवायची कळ. वक्ता बोलेल तसा तो मजकूर वर सरकवतो. वक्ता टाळ्यांसाठी थांबला की हा थांबतो. वक्ता मजकूर सोडून आठवण सांगू लागला की हा हात आवरून वाट पाहतो, आणि तो पुन्हा कुठल्या वाक्यावर उतरेल याचा अंदाज बांधून ते वाक्य काचेच्या वरच्या भागात धरून ठेवतो. गायक आलापात कितीही लांब गेला तरी समेवर येईल तेव्हा ठेका तिथे असलाच पाहिजे. तसंच हे. म्हणून चांगला ऑपरेटर भाषण आधी चार वेळा वाचतो, आणि नेहमीच्या वक्त्याचा श्वास कुठे तुटतो हेही त्याला ठाऊक असतं. काही ठिकाणी आता आवाज ऐकून आपोआप मजकूर सरकवणारी सॉफ्टवेअर आली आहेत. पण वक्ता भरकटला की तीही भरकटतात. इतक्या मोठ्या भाषणाला माझा भरवसा अजून माणसावरच.

मजकुरात वक्त्यासाठी सूचनाही असतात : इथे थांबा, हे वाक्य पुन्हा म्हणा, हे नाव असं उच्चारा. त्या वाचायच्या नसतात, पाळायच्या असतात. एप्रिल २०२४ मध्ये जो बायडन 'आणखी चार वर्षं' म्हणाले आणि पाठोपाठ 'पॉज'ही म्हणाले. नाटकात नटानं कंसातलं 'दचकून' मोठ्यानं म्हणावं, तसं.

## 'म्हणजे वाचूनच दाखवायचं, मग वक्ता कसला?'

अत्र्यांची भाषणं ज्यांच्या आजोबांनी ऐकली, वाजपेयींची ज्यांनी स्वतः ऐकली, त्यांचा हा आक्षेप असणारच. उत्स्फूर्तपणा म्हणजेच वक्तृत्व असं आपण मानतो, आणि शिवाजी पार्कावर ते खरंही आहे. तिथे एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गंमत होते.

राष्ट्रप्रमुख दुसऱ्या देशाविषयी बोलतो तेव्हा मात्र त्याचं प्रत्येक वाक्य हे सरकारचं वाक्य असतं. ते परराष्ट्र खात्यानं, अर्थ खात्यानं, कधी वकिलांनीही तपासलेलं असतं. 'विचार करू' आणि 'विचार करत आहोत' यांत बाजार हलवण्याइतकं अंतर असू शकतं. अशा वेळी आठवणीवर विसंबणं हा धीटपणा नव्हे. आणि वाचायचंच असेल तर मान खाली घालून कागदात वाचण्यापेक्षा मान वर ठेवून वाचलेलं बरं. काचेचा फायदा खरं म्हणजे एवढाच.

आक्षेपात तथ्य आहे ते दुसरीकडे. काचेची सवय झाली की माणूस मजकूर मनात मुरवत नाही. मग तो समोर असलेलं काहीही वाचतो. ४ जुलै २०१९ ला वॉशिंग्टनमध्ये पावसात बोलताना ट्रम्प म्हणाले की अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात सैन्यानं 'विमानतळ ताब्यात घेतले'. अठराव्या शतकात! पावसानं टेलिप्रॉम्प्टर बंद पडला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. भाषण मनात असतं तर काच विझल्यावर विमानतळ सुचले नसते.

कागद बाद झालाय असंही नाही. २०२२ मध्ये लाल किल्ल्यावरून मोदी कागदावरची टिपणं घेऊनच बोलले होते. शिवाय काच असली तरी बहुतेक मोठ्या भाषणांत संपूर्ण प्रत पोडियमवर ठेवलेली असते आणि जागरूक वक्ता बोलता बोलता तिचीही पानं उलटत जातो, म्हणजे काच मेली तर बोट नेमक्या पानावर असतं.

## 'आणि ऑपरेटरनं भलतंच लावलं तर?'

असं झालंय. २२ सप्टेंबर १९९३ ला बिल क्लिंटन आरोग्यसेवेवरची आपली मोठी योजना मांडायला अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, संयुक्त अधिवेशनासमोर उभे राहिले. काचेवर पाहतात तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतलं जुनं भाषण! त्यांनी मागे बसलेल्या उपाध्यक्ष अल गोर यांना ते सांगितलं, गोर यांनी माणसांना हलवलं, आणि योग्य फाइल सापडून ती लागेपर्यंत क्लिंटन सुमारे सात मिनिटं आठवणीतून बोलत राहिले, डोळ्यांसमोर चुकीची अक्षरं पळत असताना. टीव्हीवर पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांना काहीही कळलं नाही.

यात कट नव्हता. शेवटच्या मिनिटापर्यंत मजकुरात बदल होत राहतात आणि त्या धावपळीत जुनी फाइल नव्याच्या अंगावर बसते. लग्नाच्या हॉलमध्ये आधीच्या जोडप्याचा फलक तसाच राहावा, तसला हा प्रकार. मजकूर लिहितो भाषणलेखक, मंजूर करतात नेता आणि त्याचे सल्लागार. ऑपरेटर फक्त सरकवतो. त्याच्या हातात शब्द नसतात, वेग असतो.

## माईक दोन, आवाज एकच

अमेरिकी अध्यक्षांच्या पोडियमवर नीट पाहिलं तर दोन सारखे माईक शेजारी शेजारी दिसतात. दशकानुदशकं तिथे शुअर कंपनीचं एसएम५७ हे मॉडेल असतं, १९६५ मध्ये बाजारात आलेलं. किंमत सुमारे १०० डॉलर. हाच माईक वाद्यवृंदवाले ड्रम आणि गिटारच्या स्पीकरसमोर लावतात. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचा माईक आपल्या गल्लीतल्या साउंडवाल्यालाही परवडू शकतो, ही गोष्ट मला फार आवडते. त्याची निवड मजबुतीसाठी. आत एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि चुंबक. आवाजानं पडदा हलतो, वेटोळं चुंबकात हलतं, वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, बॅटरी संपायचा प्रश्न नाही, आणि पडला तरी सहसा काही होत नाही.

दोन माईक म्हणजे आवाज दुप्पट, असा एक समज आहे. उलट, दोन्ही एकदम उघडे ठेवले तर आवाज बिघडतो. वक्ता जरा बाजूला सरकला की त्याचा आवाज एका माईकला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो. विहिरीत दोन खडे टाकले की काही जागी लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, तसे आवाजातले काही स्वर गायब होतात आणि तो पोकळ वाटतो. म्हणून दुसरा माईक असतो राखीव. पहिला गेला तर ध्वनियंत्रणेवरचा माणूस निमिषात त्याच्यावर येतो.

मग वाहिन्यांचं काय? आपल्याकडे पत्रकार परिषदेत टेबलावर वाहिन्यांच्या नावांच्या माईकांची मोळी असते, मागचा माणूस दिसत नाही इतकी. राष्ट्रप्रमुखाच्या भाषणात तसं नसतं, कारण तिथे 'मल्ट बॉक्स' असतो : एक आवाज आत घ्यायचा आणि तोच वीस-तीस जोडण्यांतून बाहेर द्यायचा. पत्रकारांनी आपली वायर खुपसायची आणि गप्प बसायचं.

यातली धोक्याची वेळ म्हणजे भाषणाआधीची. आपला मंडळाचा कार्यकर्ता 'हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री' म्हणतो, तसं राष्ट्राध्यक्षालाही काहीतरी बोलून दाखवावं लागतं, म्हणजे आवाजाची पातळी लावता येते. ११ ऑगस्ट १९८४ ला रेडिओ भाषणापूर्वी रोनाल्ड रेगन यांनी या चाचणीत थट्टेनं म्हटलं की रशियाला बेकायदा ठरवणारा कायदा केला आहे, पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू करतोय. ते प्रक्षेपित झालं नाही, पण ध्वनिमुद्रित झालं, बाहेर फुटलं आणि शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोत संताप झाला. वन टू थ्रीला अजून तोड नाही.

## मैदान मोठं असेल तेव्हा

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तारेतून तोच आवाज जवळजवळ क्षणात जातो. मंचापासून १७० मीटरवर दुसरे कर्णे लावले, तर तिथल्या माणसाला जवळच्या कर्ण्यातून वाक्य लगेच ऐकू येतं आणि तेच वाक्य मंचाकडून अर्ध्या सेकंदानं पुन्हा येऊन आदळतं. 'बंधूंनो' नंतर 'धूंनो' आणि मग 'नो'. जुन्या सभांचा तो घुमारा असाच. उपाय साधा आहे : लांबच्या कर्ण्यांकडे जाणारा आवाज मुद्दाम अर्धा सेकंद रोखून धरायचा, म्हणजे दोन्ही एकदम पोचतात. सभेत आवाज 'मंचावरून येतोय' असं वाटतं ते या उशिरामुळे.

## आमसभेत आवाज कानातून येतो

संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात मात्र कर्ण्यांपेक्षा इअरफोन महत्त्वाचा. तिथल्या अधिकृत भाषा सहा : अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. काचेच्या खोल्यांत बसलेले दुभाषे ऐकता ऐकताच बोलत असतात आणि साधारण अर्ध्या तासानं एकमेकांना सोडवतात, कारण त्यापुढे मेंदू साथ देत नाही. ट्रम्प यांच्या आवाजाच्या तक्रारीला संयुक्त राष्ट्रांनी हेच उत्तर दिलं : ही व्यवस्था माणसांनी आपल्या जागी बसून कानाला लावलेल्या यंत्रातून ऐकावं अशीच बांधलेली आहे.

सहांपलीकडची भाषा बोलायला बंदी नाही, पण तिच्या भाषांतराची सोय बोलणाऱ्या देशानं करायची. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री वाजपेयी तिथे हिंदीत बोलले. अशा वेळी आधी एका अधिकृत भाषेत भाषांतर होतं आणि बाकीचे दुभाषे त्यावरून पुढे नेतात. वक्ता लिखित मजकूर सोडून भटकला, तर या साखळीतल्या सगळ्यांची तारांबळ उडते. म्हणूनच वाटलेल्या प्रतींवर 'प्रत्यक्ष भाषणाशी पडताळून पाहावं' असा इशारा छापण्याची पद्धत आहे.

## 'यासाठी एवढा फौजफाटा?'

अमेरिकेत तो शब्दशः फौजेचाच आहे. व्हाइट हाऊस कम्युनिकेशन्स एजन्सी ही लष्करी तुकडी १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. अध्यक्ष जिथे जातील तिथे फोन, ध्वनियंत्रणा, पोडियम आणि टेलिप्रॉम्प्टर नेणं हे तिचं काम. मोठ्या पोडियमला ही मंडळी लाडानं 'ब्लू गूज', निळा हंस, म्हणतात. सामान ट्रकनं आणि विमानानं आधीच जाऊन पोचतं. ऑक्टोबर २०११ मध्ये ओबामांच्या दौऱ्याआधी व्हर्जिनियात असा एक ट्रक चक्क चोरीला गेला. आत सुमारे दोन लाख डॉलरचं सामान असल्याच्या बातम्या होत्या. ट्रक लवकरच एका हॉटेलच्या आवारात सापडला. चोराला आपण काय पळवलं हे माहीत होतं का, कोण जाणे.

खर्चावर आक्षेप घेता येतोच. पण एवढी तयारी असूनही २०१० मध्ये ओबामा बोलत असताना पोडियमवरची राजमुद्रा निसटून खाली पडली होती. 'असू दे, मी कोण ते तुम्हाला माहीत आहे,' अशा अर्थाचं काही बोलून त्यांनी वेळ मारून नेली. मागे कुणाचा तरी जीव नक्की वरखाली झाला असेल.

## फोटोतल्या माईकवरचं नाव

गांधीजींचे, नेहरूंचे जुने सभेतले फोटो पुन्हा काढून पाहा. माईकवर एक पट्टी दिसेल : 'शिकागो रेडिओ'. नाव शिकागोचं, पेढी मुंबईची, मोटवानी या सिंधी कुटुंबाची. या कुटुंबाचा कारखाना पुढे नाशिकरोडला आला. हकीगत अशी सांगतात, की गांधीजींचा आवाज बारीक, म्हणून मैदानात ठिकठिकाणी मंच बांधत आणि ते एकावरून दुसऱ्यावर चालत जाऊन बोलत. नानिक मोटवानींनी ते पाहिलं आणि १९३१ च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं त्यांची माणसं तारा, कर्णे आणि बॅटऱ्या घेऊन नेत्यांच्या आधी गावात पोचत राहिली.

१९४२ मध्ये 'छोडो भारत'च्या धरपकडीनंतर उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्याला लागणारी यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ यांचा माग पोलिसांनी काढला तो शिकागो रेडिओपर्यंत पोचला. नानिक मोटवानींना अटक झाली, खटल्यात ते आरोपी होते, आणि पुढे निर्दोष सुटले. भाषणाचं यंत्र चालवणारा खरोखर मोठ्या अडचणीत आला होता, तो हा.